नदीत उतरायची वाट

त्या दिवशी मी दादाकडेच निघाले होते. दिग्रसच्या बसस्टँडवर उभी होते, पिशवीत अंबाडीच्या भाजीचा डबा होता, कारण मागच्या भेटीत तो म्हणाला होता की वहिनी आता डॉक्टरच्या हुकमानं भाजी करतात, तेल दाखवून परत बाटलीत घालतात. तेवढ्यात मंगेशचा, म्हणजे माझ्या भाच्याचा फोन आला. "आत्या, कुठी आहा?" मी म्हटलं, "स्टँडवर. बाबाले सांग, भाजी घेऊन येऊन राह्यली म्हणा." तो म्हणाला, "आत्या, बाबा गेले." समोर गाडी लागली. ज्या गाडीनं त्याला भेटायला जायचं होतं, त्याच गाडीत मी बसले. कंडक्टरनं विचारलं तेव्हा गावाचं नाव नेहमीच्याच आवाजात सांगितलं, सुटे पैसेही दिले. डबा मांडीवर होता, अजून गरम होता.

गाव त्याला प्रल्हादभाऊ म्हणायचं. माझा तो थोरला भाऊ, माझ्यासाठी दादा. आमचं गाव दिग्रसहून बोरी अरबकडे जाताना आडबाजूला लागतं आणि आमचं घर गावाच्या अगदी टोकाला, नदीवर. मागच्या दारातून बाहेर पडलं की थोडं परस आणि मग काठ. त्या नदीला सरकारी नकाशात काहीतरी नाव आहे, आम्ही नुसतं नदी म्हणतो. दुसरी नदी आमच्या ओळखीची नव्हतीच. पावसाळ्यात ती चार दिवस अंगात आल्यासारखी करायची, एरवी आपली गुमान वाहायची आणि उन्हाळ्यात आटून आटून एका डोहात जाऊन बसायची. पण काठ मात्र बाराही महिने भरलेला असायचा. करंज, उंबर, जांभूळ, निरगुडीच्या जाळ्या, पाण्याच्या कडेला लव्हाळा आणि पाणकणीस, आणि वळणावर पाण्याकडे झुकलेल्या शिंदीच्या झाडांची रांग. त्या शिंदींना सुगरणीची घरटी लोंबायची. हरतालिकेची वाळू आणायला आम्ही मुली तिथूनच उतरायचो आणि वर बघत बघत हमखास घसरून पडायचो.

दादाला त्या पाखरांचं वेड होतं. वाऱ्यानं पडलेलं घरटं दिसलं की तो ते माझ्यासाठी आणायचा आणि मी त्यात माझी टिकल्यांची पाकिटं ठेवायची. अर्धवट विणून सोडलेली घरटीही असायची, दोन भोकांची. मी विचारलं की हे असं का, तर म्हणायचा, "नर अर्धं बांधते अन् मादीले दाखवते. तिले पसंत नाही पडलं की थे तसंच सोडून देते बिचारं. दुसरं बांधाले घेते." पुढे मला बघायला दिग्रसचे पाहुणे आले तेव्हा हा दाराशी उभा राहून हळूच म्हणाला होता, "सुमे, घर पाहून हो म्हणजो. नाही तं त्याले दुसरं बांधाले लाव." मला हसू आवरेना. पाहुण्यांना मुलगी हसरी वाटली आणि लग्न ठरलं. माझ्या संसाराचं श्रेय तो आयुष्यभर त्या एका वाक्याला देत राहिला.

असा हा माणूस सरपंच झाला. आणि ज्या नदीवर त्याचा एवढा जीव, त्या नदीचं भलं करायचं त्यानं मनावर घेतलं. हे मी त्याला दोष द्यायला लिहीत नाही. होळी झाली की गावच्या विहिरी तळाला जायच्या, मे महिन्यात टँकरपुढे भांडणं व्हायची. तेव्हा नदी पुनरुज्जीवनाची योजना आली. नदी खोल करायची, रुंद करायची, सरळ करायची, म्हणजे पाणी थांबेल आणि जमिनीत मुरेल. सगळ्या तालुक्यात तेच चाललं होतं. दादानं ते काम ओढून आणलं. नारळ फोडला, पोकलेनला हार घातला, वहिनींनी मशीनला कुंकू लावलं. मशीन चालवायला दिग्रसचा शकील आला होता, आमच्या ओळखीतला, अतिशय सज्जन माणूस. तो तेव्हा दादाला म्हणाला होता, "भाऊ, ये झाड भी निकालना है क्या?" दादा म्हणाला, "नदी साफ कराची म्हणजे साफ." बेशरमाची झुडपं काढायचीच होती, त्यात दुमत नव्हतं. पण मशीनच्या हाताला बेशरम काय आणि शिंदी काय... वळण सरळ करायचं तर वळणावरचं सगळंच जाणार. शिंदी गेल्या, करंज गेले, लव्हाळ्याचे पट्टेच्या पट्टे उचलून काठावर टाकले, डोहाच्या तोंडाशी कातळ होता तोही फोडला. पंधरवड्यात नदी कालव्यासारखी झाली. दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे काठ आणि त्यावर उपसलेल्या मातीचे ढीग.

पहिल्या पावसात ती काठोकाठ भरली. मी मुद्दाम बघायला गेले होते. दादा त्या मातीच्या ढिगावर उभा होता, धोतर खोचलेलं, आणि रडत होता. आनंदानं. त्या वर्षी विहिरींना खरंच पाणी राहिलं, टँकर आला नाही, यवतमाळला बोलावून त्याचा सत्कार झाला. शाल पांघरून काढलेला फोटो अजून ओसरीत आहे. नदी भरली त्याच संध्याकाळी आम्ही परसात बसलो होतो. तो एकदम म्हणाला, "सुमे, आवाज नाही येऊन राह्यला." मी म्हटलं, कसला? तो म्हणाला, "तेच तं. कशाचाच नाही." मी हसण्यावारी नेलं, कारण पाणी एवढं सुंदर दिसत होतं आणि गावात त्याचं नाव निघत होतं. पण तो उठून काठाशी जाऊन उभा राहिला.

मग एकेक करून गोष्टी घडत गेल्या. मुळं धरून ठेवायला काही उरलं नव्हतं, म्हणून काठावरची माती पावसागणिक परत नदीत येऊ लागली. कातळ फुटल्यामुळे डोह धरेना, जे पाणी पूर्वी मेपर्यंत कसंबसं टिकायचं ते आता संक्रांतीलाच पुढच्या गावाला निघून जाऊ लागलं. खंड्या काठाच्या मऊ मातीत बीळ करायचा, त्याच्या वाट्याला ढासळती भिंत आली. रानडुकरं पूर्वी निरगुडीच्या जाळीत दिवस काढायची, ती आता लोकांच्या तुरीत राहायला आली, आणि लोक डुकरांना शिव्या घालू लागले. सुगरणी पहिल्या वर्षी आल्या होत्या. शिंदी जिथं होत्या तिथं हवेत घिरट्या घालत राहिल्या, असं वहिनी सांगतात. दुसऱ्या वर्षी आल्या नाहीत. दादा हे सगळं बघत होता आणि कोणाजवळ बोलत नव्हता. बोलणार काय? गाव त्याला देव मानत होतं.

त्याचं बोलणं खरं थांबलं ते रोहीच्या, म्हणजे नीलगाईच्या, पिल्लाच्या दिवसापासून. सकाळी आमच्या परसामागे नदीत ते पडलेलं दिसलं. पाणी प्यायला आईबरोबर आलं असणार. पूर्वी जनावरं झाडीतून, जांभळाच्या मुळांवरून पायरी पायरीनं उतरायची. आता वरून थेट खाली. पिल्लू त्या उभ्या भिंतीवर चढायला बघायचं, माती सुटायची, परत पडायचं. त्याची आई पलीकडच्या काठावर येरझारा घालत होती, माणसं जमली तरी जात नव्हती. गावातल्या पोरांनी दोर टाकून त्याला वर घेतलं, अगदी जपून घेतलं, पण मागचा पाय मोडला होता. वनखात्याची गाडी येऊन घेऊन गेली. पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. आई दुपारपर्यंत त्या काठावर होती. दादा घरात आला आणि वहिनींना एवढंच म्हणाला, "आपन तिले खाली उतराले वाटच नाही ठेवली व."

दुसऱ्या दिवशी त्यानं फावडं घेतलं. परसामागच्या काठाला उतार पाडायला लागला. सत्तरीकडे झुकलेला माणूस, रोज सकाळी ऊन चढेपर्यंत भिंत तासायचा, माती खाली ओढायचा. लोकांनी विचारलं तर सांगायचा, म्हशींसाठी करून राह्यलो. म्हशी आमच्याकडे केव्हाच नव्हत्या, पण माजी सरपंचाला कोण आडवं बोलणार? त्यानं झाडंही लावून पाहिली. शिंदीच्या बिया भिजत घातल्या, करंज लावले. काही पुरानं नेले, काही शेळ्यांनी खाल्ले. एकदा योजनेचे साहेब पाहणीला आले होते, तेव्हा दादानं त्यांना धीर करून विचारलं की हा पट्टा असाच सोडता येईल का, इथं परत मशीन लावू नका. साहेब भला माणूस. चहा पीत म्हणाले, "भाऊ, झाडं लावायची तरतूद आहे. झाडं राखायची तरतूद नाही. पुढच्या वेळी गाळ काढायला लावला तर माझ्या हातात काही नाही." साहेबाच्याही हातात नाही. मग ते कोणाच्या हातात होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

पण दादानं जे लावलं ते जगलं नाही आणि जे लावलं नव्हतं ते आपोआप आलं. त्या उतारावर पुरानं गाळ आणून टाकला, गाळात लव्हाळा उगवला, मग पाणकणीस. एक बाभूळ रुजली. माती सरकलेली असल्यामुळे ती पहिल्यापासूनच पाण्याकडे कलत वाढली आणि बाभळीला वाढायला कितीसा वेळ लागतो! दादानं काहीही केलं नाही, फक्त कुंपणाला काट्या लावून शेळ्यांना अडवलं. मागच्या दारात एक लोखंडी खुर्ची टाकली आणि रोज संध्याकाळी नदीकडे तोंड करून बसायला लागला. कोणी आलं तरी खुर्ची वळवायचा नाही, पाहुण्याशी मान मुरडून बोलायचा. वहिनी म्हणायच्या, "लग्नात माह्याकडे इतकं पाह्यलं नसन यायनं."

दोन पावसाळ्यांपूर्वी त्याचा फोन आला. तोही नव्हे, मिस कॉल. मी लावला तर म्हणाला, "काहून लावला?" मी चिडले. मग हळूच म्हणाला, "ये." बस, तेवढंच. मी गेले. मला खुर्चीत बसवलं आणि बोट दाखवलं. बाभळीच्या टोकाला एक घरटं लोंबत होतं, हिरवं, अजून पुरतं वाळलेलंही नव्हतं. शेजारी आणखी एक अर्धवट. पिवळ्या डोक्याचा तो नर पाणकणसाच्या पानाची धांदोटी चोचीत घेऊन येत होता, जात होता. लव्हाळ्यात पाणकोंबडी होती. दादा माझ्या मागे उभा राहून ज्या आवाजात बोलला, तो आवाज मी त्याच्या सत्कारातही ऐकला नव्हता. "आले पाह्य, सुमे."

मी म्हटलं, गावाला सांग ना, तुझा आणखी एक सत्कार करतील. तो एकदम घाबरला. "नको व माय. कोणाले सांगू नको. सांगतलं की लोकं सुधारणा करतीन." मला तेव्हा हसू आलं. पण त्याचं खोटं नव्हतं. कळलं असतं तर तिथं फरशी आली असती, रंगवलेला कट्टा आला असता, पाखरं बघायला पोरं आणि मारायला गलोली आल्या असत्या. आणि मनात खोल कुठंतरी ही लाजही असणार की ज्यानं शेकडो झाडं पाडली तोच आता एका बाभळीची राखण करतो. म्हणून हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं, त्याला, वहिनींना आणि मला. मंगेशलासुद्धा नाही, त्याला ती नुसती माजलेली झाडी वाटायची. यंदा बाभळीवर घरट्यांचा घोस होता. शेवटच्या भेटीत, अंबाडीच्या भाजीची फर्माईश केली त्याच दिवशी, तो म्हणाला होता, "मी गेलो की एवढी जागा पाह्यजो. बाकी काही नाही." मी म्हटलं, बघीन. बहीण भावाला दुसरं काय म्हणणार?

दहाव्या दिवशी दशक्रिया नदीवर करायची होती. आमच्या गावात रीतच आहे ती. आणि नदी खोल झाल्यापासून पाण्यापर्यंत माणूस चालत जाईल अशी जागा साऱ्या काठावर एकच उरली आहे, दादानं फावड्यानं पाडलेला उतार. गावातल्या कोणाच्याही मनात दुसरी जागा आली नाही. येणार तरी कशी? आदल्या दिवशी तिथं लव्हाळा माजलेला, काट्या लावलेल्या, बाभळीच्या फांद्या वाटेवर आलेल्या पाहून पोरांना वाईट वाटलं. आपल्या भाऊंनी नदी आरशासारखी केली होती आणि त्यांच्याच दशक्रियेला हा कचरा? मंगेशनं शकीलला फोन लावला. शकील त्याच दिवशी उपाशीपोटीच मशीन घेऊन हजर झाला. त्याला कोणी पैशाचं विचारलं तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "भाऊ का आखरी काम है."

आम्ही घरात होतो. सांत्वनाला आलेल्या बायकांनी ओसरी भरलेली. मशीनचा आवाज आला तशी वहिनींची मान वर झाली. त्या उठायला गेल्या तर दोघीतिघींनी त्यांना धरून खाली बसवलं, बसा माय, बसा. त्यांनी दारातल्या माणसाला ओरडून सांगितलं, "थ्या बाभळीले हात नका लावू म्हणा!" तो हो हो म्हणाला. त्याला वाटलं असणार, बाई दुःखानं काहीबाही बोलते आहे. मी बायकांमधून वाट काढत, परसातून धावत काठावर गेले. बाभूळ आडवी झालेली होती. मशीनचं खोरं लव्हाळ्यावरून शेवटचा हात फिरवत होतं. मंगेश घामानं भिजलेला, माझ्याकडे बघून म्हणाला, "आत्या, पाहा, झालं नं चांगलं? बाबाले आवडलं असतं."

घरटी फांद्यांना तशीच अडकलेली होती. मी एक उचललं. ते रिकामं होतं, आत ओल्या मातीच्या गोळ्या चिकटवलेल्या होत्या. दुसऱ्यात पिल्लं होती. पुढचं मला लिहवत नाही. दोन-तीन पाखरं वर फिरत होती, बाभूळ जिथं होती त्या हवेत. एकाच्या चोचीत अळी होती. मला फार राग आला होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. समोर बाप गेलेला पोरगा उभा होता, हातांना फोड आलेले. शकील डोक्याला रुमाल बांधून, हात जोडून बाजूला उभा होता. यांच्यातल्या कोणाला काय म्हणू? मी मंगेशला म्हटलं, हो बाबू, चांगलं झालं.

दुसऱ्या दिवशी त्या सपाट केलेल्या जागेवर, माती अजून ओली असताना, पिंड ठेवले गेले. लोक दूर सरकले. कावळ्याची वाट पाहायला लागेल या तयारीनं काही जणांनी मनातल्या मनात कबूल करायच्या गोष्टी जमवून ठेवल्या होत्या, नातवाचं शिक्षण करू, बहिणीला अंतर देणार नाही... त्यातलं काहीच लागलं नाही. काठावर मशीन तसंच उभं होतं, कावळा त्याच्या लोखंडी हातावर येऊन बसला आणि तिथून थेट खाली उतरून पिंडाला शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हातारे म्हणाले, "भाऊची काहीच इच्छा राह्यली नोती पाहा. भरून पावलेला मानूस." बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले.

संध्याकाळी वहिनींनी मंगेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग मले सांगतलं काहून नाही कोणी?" आणि उठून परसात गेला. त्यानंतर त्यानं मनावर घेतलंय. बाबांच्या नावानं त्या उतारावर फरशी घालायची, सिमेंटचा बाक करायचा, जाळीच्या कुंपणात गुलमोहर लावायचे, आणि वर्षश्राद्धाला माझ्या हातून सुरुवात करायची. हे सगळं त्यानं मला फोनवर सांगितलं. मी नाही म्हणू शकले नाही. बघू, असं म्हणाले. बघण्याचं मी त्याच्या बापालाही कबूल केलं होतं.

परवा जाऊन आले. ते रिकामं घरटं वहिनींनी ओसरीत दादाच्या दुपट्ट्याच्या खुंटीला टांगलंय, सत्काराच्या फोटोशेजारी. दिवस कलला तशा त्या उठल्या आणि नेहमीप्रमाणे ती लोखंडी खुर्ची मागच्या दारात नेऊन ठेवली, फडक्यानं पुसली. रोज ठेवतात म्हणे. मी मागून गेले तर खुर्चीची पाठ नदीकडे होती आणि तोंड घराकडे, चुलीच्या भिंतीकडे. मला वाटलं चुकून झालं, म्हणून मी ती वळवायला हात लावला.

वहिनींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "राहू द्या, सुमनबाई. त्यायच्यानं पाहवणार नाही."